अडीच फुटी रेल्वेची वाघीण

वाघीण म्हटली की आपल्याला जंगल आठवते. पण रेल्वेची वाघीण निराळी. मालगाडीच्या डब्याला आपल्याकडे वाघीण म्हणतात. इंग्रजी 'वॅगन' हा शब्द लोकांच्या तोंडी बसला आणि त्याची वाघीण झाली. तिला दात नाहीत, नखे नाहीत. कापूस, धान्य, मीठ, कोळसा असे जे द्याल ते ती पोटात घेते आणि दुसऱ्या गावी नेऊन जसेच्या तसे परत देते.

आमच्या रात्रीच्या वर्गात अशी एक वाघीण तयार झाली. ती सव्वासहा इंच लांब आहे. ती कशी झाली आणि आमची त्यात कशी फजिती झाली, ते या धड्यात सांगतो.

आधी रेल्वेविषयी थोडे. रेल्वेच्या दोन रुळांमध्ये जे अंतर असते त्याला गेज म्हणतात. मुंबईहून भुसावळला जाते ती मोठी गाडी. तिच्या रुळांतले अंतर साडेपाच फूट. आपल्या जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याहून जामनेरला एक लहान गाडी जात असे. तिच्या रुळांतले अंतर फक्त अडीच फूट. वाट ५६ किलोमीटरांची. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशी गावे घेत ती जाई. माथेरानच्या डोंगरावर १९०७ साली जी गाडी सुरू झाली, ती तर याहून लहान, दोन फुटी.

अशी अरुंद रेल्वे कशासाठी बांधत? खर्च कमी येतो म्हणून. रूळ हलके चालतात, पूल लहान लागतात, मातीकाम थोडे होते, वळणे जवळची घेता येतात. आपल्या महाराष्ट्रात बार्शीची अडीच फुटी रेल्वे १८९७ साली सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने ती बांधली. एका आसावर पाच टनांहून जास्त भार द्यायचा नाही, असा त्याने नेम धरला. म्हणून हलक्या रुळांवरही त्याच्या मोठ्या वाघिणी चालल्या. त्या २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद असत.

पण लहान रेल्वेत एक मोठी अडचण असते. शेंदुर्णीला वाघिणीत कापूस भरला, तर ती वाघीण पाचोऱ्यापर्यंतच जाणार. पुढे मोठे रूळ. अडीच फुटांची चाके साडेपाच फुटांच्या रुळांवर कशी बसतील? मग सगळा माल हमालांनी उतरवायचा आणि मोठ्या वाघिणीत पुन्हा भरायचा. वेळ जातो, मजुरी जाते, गाठी फाटतात. चाळीसगावहून धुळ्याला जाणारा फाटा पाहा. लांबीने तो जवळपास एवढाच. १९०० साली तो सुरू झाला, पण मोठ्या गेजचा. धुळ्याला भरलेली वाघीण न उघडता थेट मुंबईला जाऊ शके. पुढे मालमोटारी आल्या. त्या शेताच्या बांधापर्यंत येऊ लागल्या आणि लहान रेल्वेचा माल तुटला. आमच्या आठवणीत जामनेरची गाडी म्हणजे माणसांचीच गाडी. २०२० साली टाळेबंदी झाली तेव्हा ती थांबली. पुढे तो मार्ग मोठ्या गेजचा करण्याचे काम निघाले.

आता वर्गातली गोष्ट. आमचा पुतण्या परगावी नोकरीला आहे. त्याने आम्हांला एक खोके पाठवले. त्यात वाघिणीचे सुटे भाग होते. पातळ लाकडी फळ्या, छप्पर, तारेचे तुकडे, लहान चाके. ते सांधायचे, रंगवायचे आणि प्रतिकृती उभी करायची. प्रतिकृती म्हणजे खऱ्या वस्तूची मापात केलेली नक्कल. सोबतचा सूचनांचा कागद इंग्रजीत होता. पुतण्याने तो मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिला. एकूण चौदा कलमे. आम्ही म्हटले, चला, वर्गाला वाचायला नवा कागद झाला!

कागदावर लिहिले होते की ही वाघीण खरीच्या ४८ पट लहान आहे. ४८ पट म्हणजे किती, यावर बराच वेळ चर्चा झाली. आम्ही फळ्यावर भागाकार मांडू लागलो. तेवढ्यात वर्गातले सुतारदादा म्हणाले, "गुरुजी, फुटाला पाव इंच. म्हणजे दोन सूत. त्यात काय एवढं?"

त्यांचे बरोबर होते. एका फुटात बारा इंच, म्हणजे ४८ पाव इंच. एका इंचात आठ सूत, तेव्हा पाव इंचाचे दोन सूत. अडीच फुटांचे रूळ झाले पाच सुतांचे. मोठे रूळ याच हिशोबाने अकरा सुतांचे होतील. २५ फुटांची वाघीण ५० सुतांची, म्हणजे सव्वासहा इंचांची. ७ फूट रुंदी झाली पावणेदोन इंच. आम्ही फळा पुसला.

कागदातले पहिलेच कलम असे होते: 'सर्व कलमे वाचून मगच कामास हात घाला.' आम्ही पस्तीस वर्षे मुलांना बजावले, प्रश्न पुरता वाचा, मग उत्तर लिहा. आणि आम्हीच ते केले नाही. वर्गाला दाखवू, लोक खूश होतील, असे मनात आले. रात्री घरी बसून दोन्ही लांब बाजू बाहेरच्या अंगाने छान रंगवल्या आणि झोपलो. सकाळी पाहतो तर दोन्ही फळ्या पापडासारख्या वाकलेल्या!

लाकूड खराब निघाले, असे आम्ही वर्गात सांगितले. पुतण्यालाही मनातल्या मनात दोष दिला. वर्गात एक मावशी आहेत. त्या बोट ठेवून, एकेक अक्षर लावून वाचतात. त्यांचे वाचन संपेपर्यंत बाकीचे कंटाळतात. त्या दिवशी त्या पाचव्या कलमावर होत्या. त्यांनी वाचले: "रंग... दोन्ही... बाजूंनी... द्या. एकाच... बाजूने... दिल्यास... फळी... वाकेल."

वर्गात कोणी बोलले नाही. मावशीही वर पाहीनात. गुरुजींची चूक काढली असे त्यांना वाटले असावे. मग आम्हीच म्हणालो, "मावशी, पुन्हा एकदा वाचा. मोठ्याने." त्यांनी पुन्हा वाचले. या वेळी जरा भरभर.

फळी का वाकते, ते सुतारदादांनी सांगितले. पातळ लाकूड पाणी पिते आणि फुगते. आमचा रंग पाण्यात कालवायचा होता. एक बाजू प्यायली, दुसरी कोरडीच राहिली. दोन्ही बाजू सारख्या भिजल्या की ओढ सारखी बसते आणि फळी सरळ राहते. आम्ही आतल्या अंगालाही रंग दिला. रंग हाताला लागेनासा झाल्यावर फळ्या दोन पाटांमध्ये ठेवल्या आणि वर दगडी पाटा ठेवला. दुसऱ्या दिवशी एक फळी सरळ झाली. दुसरीला थोडा बाक राहिला. तो आजही आहे.

पुढचे काम मात्र कागद वाचून केले. एकाने कलम वाचायचे, दुसऱ्याने हात चालवायचा. भाग चौकटीतून एकदम सगळे मोडून घ्यायचे नाहीत, कारण मग कोणता कुठला ते कळत नाही. कडा बारीक पॉलिश पेपरने घासायच्या. डिंक लावण्याआधी भाग कोरडेच जुळवून पाहायचे. कोपरे गुण्याला लावायचे. डिंक म्हणजे सुतार वापरतात तोच पांढरा, आणि तोही काडीच्या टोकावर मावेल एवढाच. जास्त लावला तर बाहेर येतो आणि तिथे रंग धरत नाही.

छप्पर बसवण्याआधी तळावर चार नट चिकटवले. हे वजन आत नसेल तर वाघीण हलकी होते आणि रुळांवरून उडते. खाली दोन बोग्या आल्या. आपण सबंध डब्यालाच बोगी म्हणतो. पण खरी बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची लहान गाडी. ती एका खिळ्यावर फिरते, म्हणून लांब डबा वळणावर वळतो. आमच्या वाघिणीला दोन बोग्यांची मिळून आठ चाके. ती सरळ बसली का, हे कळण्यासाठी वाघीण आरशाच्या काचेवर ठेवली. एक चाक अधांतरी होते. बाक राहिलेल्या फळीचाच तो प्रताप. तिकडच्या बोगीखाली कागदाची घडी सरकवली तेव्हा ते टेकले.

मालाच्या वाघिणीचा रंग गेरूसारखा, तांबूस-तपकिरी. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात बरे. पहिला पुरता वाळू द्यायचा. जाड रंगाखाली फळ्यांच्या रेघा बुजतात.

वर्गात एक आबा आहेत. पाचोऱ्याला त्यांनी तरुणपणी हमाली केली आहे. त्यांचे वडीलही तिथे हमालच होते. लहान गाडीच्या वाघिणी आबांनी वडिलांबरोबर पाहिल्या होत्या. आमची वाघीण हातात घेऊन ते म्हणाले, "ही तर नवरीसारखी दिसतेय. माल वाहणारी अशी असती का? दारापाशी गाठी घासून घासून रंग जायचा." मग त्यांनीच दाराच्या कडा पॉलिश पेपरने खरवडल्या. चुलीवरची काजळी बोटाने छपराला लावली. खडूची पूड आणि रस्त्याची माती मिसळून चाकांपाशी फुंकली. आम्ही आधी नको म्हणत होतो. पण खरी वाघीण दिसू लागली ती यानंतर.

शेवटी अक्षरे. १९५१ साली जी. आय. पी. रेल्वेची मध्य रेल्वे झाली. तेव्हा वाघिणीवर 'म. रे.' लिहायचे ठरले. लिहिणार कोण? सगळ्यांनी मावशींकडे पाहिले. त्यांनी आधी पाटीवर दहा वेळा गिरवले. मग पेन्सिलीने दोन पुसट रेघा आखल्या आणि बारीक कुंचल्याने पांढऱ्या रंगात अक्षरे काढली. हात कापत होता, पण अक्षरे रेघ सोडून गेली नाहीत. टिंबे मात्र द्यायची राहिली आणि दोन्ही अक्षरे चिकटून आली.

मागून एक तरुण वाचू लागला, "मरे?"

वर्ग हसला. आबा हसले नाहीत. म्हणाले, "बरोबरच वाचलंस तू."

मावशींनी ओल्या फडक्याने 'रे' पुसला आणि थोडा सरकवून पुन्हा काढला. दोन टिंबे दिली. आता वाचले तर 'म. रे.' होते. दुसऱ्या बाजूला त्यांनी कोणालाही न विचारता 'जामनेर' असे लिहिले. 'ने'ची मात्रा जरा मोठी झाली आहे. माहेरी जाताना याच नावाची पाटी त्यांना इतकी वर्षे दुसऱ्याला वाचून दाखवायला सांगावी लागत होती.

वाघीण आता वर्गाच्या खिडकीत आहे. सुतारदादांनी पाच सुतांच्या अंतरावर दोन पट्ट्या ठोकून तिला रूळ करून दिले. दार उघडे ठेवले आहे. त्यातून आबांनी थोडी सरकी आणि चिमूटभर कापूस आत भरला आहे.