मांजराचे केस कां गळतात?

मुक्या प्राण्यास आपलें दुःख सांगतां येत नाहीं. तें आपण पाहून ओळखावें लागतें. मांजराच्या अंगावरील केस जाऊन उघडे चट्टे दिसूं लागले म्हणजे पुष्कळ घरीं "लूत लागली" असें म्हणून हातीं येईल तें औषध चोळतात. आमच्या बालपणीं आमच्याच घरीं असें घडलें. मनीच्या पाठीवरील केस गेले, तेव्हां आम्हीं मोठ्या कळवळ्यानें तिला फिनेल चोळलें. तिनें आपलें अंग चाटून काढलें, आणि दुसरे दिवशीं ती मेली. आमची दया खोटी नव्हती. ज्ञान मात्र नव्हतें.

यांत लक्षांत ठेवण्याची पहिली गोष्ट ही कीं, मांजर आपलें अंग जिभेनें स्वच्छ करतें. म्हणून त्याच्या कातडीवर जें लावावें तें पोटांत जातें. शिवाय कित्येक विषारी द्रव्यें निकामी करण्याची शक्ति त्याच्या यकृतांत फार थोडी असते. फिनेल व राकेल त्यास घातक आहेत. कुत्र्यांच्या पिसवांवरील कांहीं औषधांत परमेथ्रिन असतें. तें मांजराचा प्राण घेऊं शकतें. माणसाच्या तापावरील पॅरासिटामॉलची एक गोळीही तसेंच करूं शकते.

दुसरी गोष्ट ही कीं, केस गळणें हा रोग नव्हे, रोगाचें चिन्ह होय. शेपटीच्या मुळाशीं व कमरेवर केस विरळ झाले असतील तर बहुधा पिसवा कारण असतात. कांहीं मांजरांस पिसवेची लाळ इतकी बाधते कीं, थोड्या चाव्यांनींही तीं सारखीं खाजवितात. कानांच्या कडांवर व डोक्यावर जाड खपल्या धरल्या असतील तर सूक्ष्म किड्यांपासून होणारी खरूज संभवते. तोंड, कान किंवा पाय यांवर गोल चट्टे पडून कोंडा सुटत असेल तर गजकर्णाची शंका घ्यावी.

गजकर्ण ही बुरशी आहे. ती मांजराकडून माणसांस, विशेषतः लहान मुलांस, लागते. तिच्या परीक्षेसाठीं पशुवैद्य 'वुडचा दिवा' वापरतात. त्याच्या अतिनील प्रकाशांत रोगी केस हिरवट चमकतात. १९२५ पासून हा दिवा या कामीं येत आहे. तथापि केस चमकले नाहींत म्हणून रोग नाहीं असें ठरत नाहीं. मग केस प्रयोगशाळेंत पाठवितात. औषध कित्येक आठवडे चालतें. नवे केस उगवले म्हणून तें मध्येंच सोडूं नये.

घरीं करावयाचें काम तुमचें आहे. पिसवेचीं अंडीं मांजराच्या अंगावरून गळून जमिनीवर पडतात, व बुरशी गळलेल्या केसांबरोबर पसरते. म्हणून मांजराचें अंथरूण कढत पाण्यानें धुवावें, कोपरे रोज झाडावे, आणि मांजरास हात लावल्यावर साबणानें हात धुवावे. घरांत दुसरीं जनावरें असल्यास तींही पशुवैद्यास दाखवावीं.

पालकांस एवढीच विनंति कीं, मुलाच्या हातावर चट्टा उठला म्हणून मांजर पोत्यांत घालून नदीपलीकडे सोडूं नये. मुलास डॉक्टरकडे न्यावें, मांजरास पशुवैद्याकडे न्यावें. दोघेंही बरीं होतात. देवानें जे जीव आपल्या हवालीं केले आहेत, त्यांचें दुखणें समजून घेणें हीही त्याची सेवाच होय.