वाघाडीवर जायच्या आधी थोडं ऐक

छोटे, रविवारी मैत्रिणींबरोबर वाघाडी नदीच्या काठावर सफाईला जाणार आहेस, असं आईनं फोनवर सांगितलं. मला फार बरं वाटलं. आई जरा धास्तावली आहे. नाल्याचं पाणी, काचा, साप, सगळं तिच्या डोळ्यांसमोर येतं. तिची समजूत मी काढते. तू मात्र माझं नीट ऐकून घे. पहिल्या रविवारी सगळेच येतात, मला तुझ्या पुढच्या रविवारांची काळजी आहे.

हातमोजे विकत आणायच्या आधी एकच गोष्ट ठरव. गोळा झालेला कचरा त्याच दिवशी तिथून कोण उचलणार आणि कुठं नेणार? याचं उत्तर हाती नसेल तर रविवार पुढं ढकल, त्यात काही कमीपणा नाही. भरलेली चुंगडी काठावर राहिली की रात्री कुत्री फाडतात, सकाळी गाई पन्नीसकट खातात आणि उरलेलं पहिल्या सरीबरोबर पुन्हा नदीत जातं. तेव्हा चार दिवस आधी नगरपरिषदेत जा, स्वच्छता निरीक्षकांना भेट, कुठल्या घाटापासून कुठल्या पुलापर्यंत, किती वाजता, किती जण, हे लिहून दे आणि ट्रॅक्टर किंवा घंटागाडी कधी येईल ते विचारून घे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नकोस. आणि कोणी कितीही म्हणो, ढिगाला काडी लावू द्यायची नाही. प्लास्टिकचा धूर काठावरच्या वस्तीतल्या लेकरांच्याच छातीत जातो.

आपली वाघाडी लहान दिसते म्हणून तिला कमी समजू नकोस. निळोण्याच्या धरणात तिचंच पाणी अडवलंय आणि आपण ते पितो. इथून ती घाटंजीकडून पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. २०१८ चा उन्हाळा तुला आठवत असेलच. निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं आटली होती, नळाची वाट बघत दिवसच्या दिवस जायचे, टँकर आला की गल्लीत भांड्यांची रांग लागायची. ते दिवस काढलेल्या यवतमाळनं नदीला कचराकुंडी करावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता काठावर तुला सर्वांत जास्त काय सापडेल ते सांगते. बाटल्या नाहीत, खर्ऱ्याच्या पन्न्या. आपल्याकडं पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना त्या पन्नीत घालून घोटतात, खाणारा खर्रा तोंडात टाकतो आणि पन्नी तिथंच सोडतो. ती हाताएवढीही नसते, चिखलात चिकटते, झाडूला दाद देत नाही. भंगारवाला तिला हात लावत नाही, कारण तिला भाव नाही. एकेक वेचताना कंबर मोडते आणि तासाभरानंही चुंगडं अर्धं भरत नाही. तुझ्या मैत्रिणी तिथंच कंटाळतील. म्हणून प्रत्येकीला एक लांब चिमटा दे, आणि शंभर पावलं एकीची, पुढची शंभर दुसरीची अशी वाटणी करून घे. आपला तुकडा स्वच्छ झालेला डोळ्यांना दिसला की माणूस टिकतो.

पण पन्नी वेचून संपणार नाही, हे मनाशी पक्कं धर. ज्या ठेल्यावरून ती येते तिथपर्यंत जावंच लागेल. उपदेश करू नकोस बाई, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. आधी त्याच्या ठेल्यासमोरची जागा झाडून दे, मग गल्ल्याशेजारी पन्नीसाठी एक डबा ठेवशील का, एवढंच विचार. हा मार्ग आपल्याच वऱ्हाडातल्या माणसानं घालून दिलाय. शेंडगावचे गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत, कीर्तन संध्याकाळी. आपण बाबांचा खराटा तेवढा उचलतो, पण मला त्यांचं कीर्तन जास्त महत्त्वाचं वाटतं. दिवसभर झाडलेल्या हातांना संध्याकाळी दारू, कर्ज, बळी यांवर बोलायचा अधिकार आलेला असे. तुलाही तसाच अधिकार मिळेल, पण तो कामानंतर.

एका गोष्टीबाबत मात्र मी कडक बोलणार आहे. गावाबाहेर, शेतांच्या कडेनं नाल्यात उतरलात तर कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या आणि डबे दिसतील. २०१७ च्या हंगामात कापसावर फवारणी करताना आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर विषबाधेनं गेले. ते विष म्हणजे काय, हे यवतमाळच्या माणसाला वेगळं सांगायला नको. या बाटल्या उघड्या हातानं उचलायच्या नाहीत, नदीत धुवायच्या नाहीत, बाकीच्या कचऱ्यात मिसळायच्या नाहीत. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना त्या बाजूला फिरकूच देऊ नकोस. जाड रबरी मोजे असलेल्या एखाद्या मोठ्या माणसानं त्या वेगळ्या चुंगड्यात भराव्यात आणि कुणाच्या घरी तेला-पाण्याला वापरात जाणार नाहीत हे पाहावं. इंजेक्शनच्या सुयांचंही तेच. जागा लक्षात ठेव, निरीक्षकांना सांग, स्वतः हात घालू नकोस.

काठावर कचरा वेचणाऱ्या बायका भेटतील. त्या तुझ्या आधी, पहाटेच येऊन गेलेल्या असतात. पाण्याच्या बाटल्या, पुठ्ठा, पत्रा ही त्यांची रोजी आहे, तेव्हा तो माल ट्रॅक्टरमध्ये टाकायच्या आधी त्यांना विचार. पुण्यात १९९३ मध्ये अशाच बायकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि पुढं घरोघरचा कचरा गोळा करायचं काम हक्कानं मिळवलं. कुठल्या कचऱ्याला भाव आहे आणि कुठल्याला नाही, हे तुम्हा कॉलेजच्या मुलींपेक्षा त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यांना ताई म्हण, चहा पाज, शिकून घे.

आणि फार मोठं मैदान मागू नकोस. शेजारच्या चंद्रपुरात इको-प्रो संस्थेच्या मुलांनी मार्च २०१७ मध्ये गोंडकालीन किल्ल्याच्या सफाईला हात घातला आणि दोनशेहून अधिक दिवस ते तिथंच राबत राहिले. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरुवात केली, आठवड्यामागून आठवडा तीच वाळू साफ केली. दोघांनीही रोज नवी जागा शोधली नाही. तुम्हीही एकच पूल, एकच घाट धरा. महिन्यानं तिथले लोक तुम्हाला ओळखायला लागतील, आणि ओळखीच्या पोरींसमोर पन्नी टाकताना हात आपोआप थांबतो.

बाकी किरकोळ. चपला नकोत, बूट घाल. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेव. हातापायाला जखम असेल त्या दिवशी वर थांबून चुंगडी मोज. दगड उलथताना काठीनं उलथ, आपल्याकडं फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत. मार्चनंतर सकाळी नऊच्या पुढं एकीलाही उन्हात ठेवू नकोस. फोटो काढायचाच असेल तर तोंडांचा काढण्यापेक्षा ढिगाचा काढ, तारीख घाल, नगरपरिषदेला दाखवायला पुढं उपयोगी पडतो.

नवरात्र जवळ येतंय. आपल्या गावचा दुर्गोत्सव म्हणजे नऊ दिवस रस्ते माणसांनी भरलेले आणि मंडळोमंडळी महाप्रसाद. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी ती कुठून ना कुठून येतातच आणि दहाव्या दिवशी नाल्यात दिसतात. तेव्हा दसऱ्यानंतरच्या सफाईची आखणी करत बसू नकोस. महाप्रसादाची ऑर्डर जाण्याच्या आधी, म्हणजे आत्ताच, तुमच्या घाटाजवळच्या दोन-तीन मंडळांच्या अध्यक्षांना भेट. पळसाच्या पत्रावळी कुठं मिळतील, किती लागतील, भाव काय, हे सगळं आधी काढून कागदावर घेऊन जा. नुसती विनंती घेऊन गेलीस तर ‘बघू’ म्हणतील. आणि निर्माल्यासाठी वेगळं पिंप मागून घे, ते मंडपाच्या दारातच ठेवायला सांग, मागच्या बाजूला नको. एकटी जाऊ नकोस, वस्तीतल्या एखाद्या जाणत्या काकूंना सोबत घे. त्यांच्या शब्दाला मंडळात मान असतो.