नोकरी सोडून गावी धंदा टाकताय? बिऱ्हाड हलवायचा खर्च कोण देणार?

केंद्र सरकारची नोकरी सोडून गावी दुकान टाकायचं ठरवलंय? मग सामान हलवायचा खर्च मिळणार की नाही, हे तुम्ही नोकरीतून कसे बाहेर पडता त्यावर ठरतं.

राजीनामा दिलात तर एक पैसाही नाही. पण 20 वर्षांची पात्र सेवा झाल्यावर स्वेच्छानिवृत्ती घेतलीत, तर शेवटच्या मूळ वेतनाच्या 80 टक्के एकरकमी अनुदान मिळतं. कुटुंबाचं प्रवासभाडं आणि सामानाची वाहतूक वेगळी, अर्थात ठरलेल्या मर्यादेत. मूळ वेतन 60,000 असेल तर नुसतं अनुदानच 48,000 होतं. लहान गावात गाळ्याचं डिपॉझिट निघालं की! म्हणून 19 वर्षं झालेल्या माणसाने साहेबावरच्या रागात राजीनामा खरडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही जण आधी विनंती-बदली घेऊन गावाजवळ येतात. तिथे हा भत्ता नाही, टेम्पोचं भाडं आपल्याच खिशातून.

स्वेच्छानिवृत्तीला 3 महिन्यांची नोटीस लागते, तेव्हा गाळ्याचा करार त्या हिशोबाने करा. आणि निवृत्तीनंतर बिऱ्हाड एका वर्षाच्या आत हलवा. वाहतुकीची पक्की पावती घ्यायला विसरू नका.