वेगांची गणती आणि मृत्यूची नोंद : चिकित्सांच्या तुलनेतील एक अडचण

याप्य व्याधींत चिकित्सेचे यश वेगांच्या संख्येवरून ठरविण्याची आपली रीत आहे. तमकश्वासाच्या रुग्णास वर्षातून सहा वेग येत, ते दोनावर आले, म्हणजे गुण आला. पेण-रोह्याकडील औषधी दुकानांत हाच निकष निराळ्या शब्दांत ऐकू येतो : रुग्ण औषधासाठी परतला नाही, तेव्हा तो बरा झाला. परंतु तो मुंबई-पनवेलकडे राहावयास गेला असेल, किंवा दिवंगतही झाला असेल. नोंदवहीत तिन्ही गोष्टी सारख्याच कोऱ्या दिसतात.

भगंदरात ही अडचण फारशी जाणवत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या क्षारसूत्रावरील बहुकेंद्री चाचणीत (१९९१) व्रण भरण्यास क्षारसूत्राने ८ व शस्त्रकर्माने ४ आठवडे लागले. पुनरुद्भव मात्र अनुक्रमे ४ व ११ टक्के आढळला. तेथे पुनरुद्भव मोजला की काम भागते. श्वास व हृद्रोग यांत मृत्यू वेगांची मालिकाच खंडित करतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन गटांत प्रत्येकी २० रुग्ण, अवधी एक वर्ष. पहिल्या गटात ३० वेग, मृत्यू नाही. दुसऱ्यात २४ वेग, आणि तिसऱ्या महिन्याअखेर ५ मृत्यू. नुसत्या गणतीने दुसरी चिकित्सा २० टक्के सरस ठरते! आता प्रत्यक्ष निरीक्षणाचे महिने मोजा. पहिल्या गटाचे २४०, दुसऱ्याचे १९५. दरवर्षी दर रुग्णामागे वेग १.५० व १.४८, म्हणजे जवळजवळ समान. तरीही हिशेब अपुराच, कारण जे गेले ते बहुधा अधिक बलहीन होते आणि मागे सौम्य रुग्ण उरले. शिवाय पाच मृत्यू या दरात कोठेच दिसत नाहीत.

आधुनिक हृद्रोगचिकित्सेत यावर दोन मार्ग रूढ आहेत. पहिल्यात प्रत्येक पुनःप्रवेश व मृत्यू एकत्र मोजतात. २०१९ च्या पॅरागॉन-एचएफ चाचणीत सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टनच्या गटात ५२६ रुग्णांत ८९४ घटना, तर केवळ व्हाल्सार्टनच्या गटात ५५७ रुग्णांत १००९ घटना झाल्या. प्रत्येकाची पहिलीच घटना धरली असती, तर बरीचशी माहिती वाया गेली असती. मात्र येथे मृत्यू व रुग्णालय-प्रवेश एकाच तराजूत बसतात, हे वैद्याच्या मनाला पटणारे नाही.

दुसरा मार्ग २०१२ साली पोकॉक आदींनी मांडलेला 'विजय-गुणोत्तर' होय. एका गटातील प्रत्येक रुग्णाची दुसऱ्यातील प्रत्येकाशी जोडी लावावी. दोघांच्या समान निरीक्षणकाळात प्रथम मृत्यू पाहावा. त्यावर निर्णय न झाल्यासच वेगांची संख्या. वरील उदाहरणात ४०० जोड्या होतात. त्यांतील १०० मृत्यूवरूनच पहिल्या गटाकडे जातात. उरलेल्या ३०० पैकी ११० पहिल्याकडे, १५० दुसऱ्याकडे आणि ४० समसमान मानल्या, तर २१० भागिले १५०, म्हणजे १.४. निष्कर्ष उलटला. इतक्या थोड्या रुग्णांवरून अर्थात काहीच सिद्ध होत नाही, परंतु मृत्यूला अग्रक्रम मिळाला.

पेणचे रुग्ण एका औषधावर व रोह्याचे दुसऱ्यावर, अशी सोयीची विभागणी कदापि करू नये. गणेशोत्सवापूर्वी पेणच्या मूर्तिशाळांत काम भरात असते. रोह्याजवळ धाटावची रासायनिक वसाहत आहे. श्वासाची कारणेच भिन्न असतील. दोन्ही गावांत स्वतंत्रपणे चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत, आणि निरीक्षणाचे महिने तेच असावेत. वैद्याने प्रथम दर्शन, प्रत्येक वेग व मृत्यू यांचे दिनांक लिहावेत. औषधी विक्रेत्याने नियमित रुग्ण दोन महिने न आल्यास वैद्यास कळवावे. मग घरी चौकशी करावी. ठावठिकाणा न लागल्यास अखेरच्या भेटीचा दिनांक लिहून 'संपर्क तुटला' एवढीच नोंद करावी.