बोर्ड बोलत नाही, तेव्हा काय करावे?

संगणक शिकायचा तर मोठा पडदा, कळफलक आणि हजारो रुपयांचे यंत्र हवेच, अशी समजूत आजही अनेक घरांत आढळते. ही समजूत दूर करणाऱ्या लहान साधनांत रास्पबेरी पाय झीरो या बोर्डाचे स्थान महत्त्वाचे आहे. ब्रिटनमध्ये तयार झालेला हा बोर्ड नोव्हेंबर २०१५ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्याची किंमत अवघी ५ डॉलर ठेवण्यात आली होती. लांबी ६५ मिलिमीटर, रुंदी ३० मिलिमीटर. आणि तेवढ्या जागेत प्रोसेसर, ५१२ एमबी मेमरी व जोडणीची तोंडे. पुढे २०१७ साली वायफाय असलेला झीरो डब्ल्यू आणि २०२१ साली अधिक वेगवान झीरो २ डब्ल्यू आला.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या बोर्डाचा मोठा गुण असा की, त्याला स्वतंत्र पडदा व कळफलक लागतोच असे नाही. एका यूएसबी केबलने तो जुन्या लॅपटॉपला जोडता येतो. त्याच केबलमधून त्याला वीज मिळते आणि त्याच केबलमधून माहितीची देवाणघेवाण होते. लॅपटॉपला, म्हणजे यजमान संगणकाला, तो एखाद्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो. या पद्धतीला गॅजेट पद्धत म्हणतात.

परंतु या सोयीतच एक अडचण दडलेली आहे. पडदा नसल्यामुळे काही बिघडले तर बोर्ड तसे सांगू शकत नाही. मग "बोर्ड जळाला" असे म्हणून तो कपाटात टाकला जातो. दहा विद्यार्थ्यांत एकच बोर्ड असेल, तर त्या एका वाक्याने दहा जणांचा अभ्यास थांबतो. बोर्ड खराब आहे हा निष्कर्ष सर्वांत शेवटी काढावयाचा असतो, सर्वांत आधी नव्हे. तो कसा काढावा, हे या पाठात पाहू.

वीज, केबल, कार्ड, यजमानाची ओळख, पत्ता आणि प्रवेश अशी ही साखळी आहे. कोणती कडी तुटली हे शोधणे म्हणजेच दोष शोधणे. त्यासाठी दोन नियम पाळावेत. क्रम सोडू नये, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झाले, तर कशामुळे झाले हे कधीच कळत नाही.

पहिली पायरी : तोंड आणि केबल

झीरोवर मायक्रो यूएसबीची सारखी दिसणारी दोन तोंडे असतात. एकावर "यूएसबी" आणि दुसऱ्यावर "पॉवर इन" असे छापलेले असते. दुसऱ्या तोंडातून फक्त वीज जाते. तेथे केबल लावली तर दिवा लागेल, पण लॅपटॉपला काहीच दिसणार नाही. म्हणून केबल "यूएसबी" लिहिलेल्या तोंडातच लावावी.

केबलचेही तसेच. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात : दोन विजेच्या व दोन माहितीच्या. मोबाइल चार्ज करण्यापुरत्या बनविलेल्या काही स्वस्त केबलींत माहितीच्या दोन तारा नसतातच, आणि बाहेरून पाहून हे ओळखता येत नाही. त्याच केबलने एखाद्या मोबाइलमधील छायाचित्रे लॅपटॉपवर उघडून पाहावीत. उघडली तर केबल चांगली. अशा तपासलेल्या केबलीला लाल दोरा बांधून ठेवावा, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याचा वेळ वाचेल.

दुसरी पायरी : कार्ड काढून परीक्षा

ही परीक्षा फार थोड्यांना माहीत असते, पण सर्वांत उपयोगी आहे. केबल सोडवा, मायक्रोएसडी कार्ड काढा आणि कार्डाविना बोर्ड पुन्हा जोडा. झीरो व झीरो डब्ल्यू या बोर्डांवर कार्ड नसले, तर प्रोसेसर स्वतःची ओळख यूएसबीवरून यजमानाला देतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये "बीसीएम २७०८ बूट" असे नाव दिसते. लिनक्सवर एलएसयूएसबी ही आज्ञा दिल्यास यादीत ब्रॉडकॉम कंपनीच्या नावाची ओळ येते. नावापुढे पिवळी खूण असली तरी घाबरू नये. त्याचा अर्थ विंडोजजवळ ड्रायव्हर नाही इतकाच.

हे नाव दिसले, तर बोर्ड जिवंत आहे, केबल चांगली आहे आणि तोंडही बरोबर आहे. दोष कार्डात किंवा त्यावरील मजकुरात आहे.

तिसरी पायरी : कार्ड आणि त्यावरील दोन फाइली

कार्ड परत घालून वीज दिल्यावर हिरवा दिवा अनियमितपणे लुकलुकला पाहिजे. तसे झाले नाही तर कार्डावर प्रणाली पुन्हा लिहावी. न बंद करता केबल ओढून काढण्याची सवय कार्डावरील मजकूर बिघडविते, हेही लक्षात ठेवावे.

दिवा लुकलुकतो, पण यजमानाला काही दिसत नाही, अशा वेळी कार्डाच्या बूट विभागातील दोन फाइली तपासाव्यात. पुढील शब्द रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकावयाचे आहेत. कॉन्फिग फाइलमध्ये "डीटीओव्हरले=डीडब्ल्यूसी२" ही ओळ हवी आणि ती "ऑल" या चौकटी कंसातील मथळ्याखालीच हवी. दुसऱ्या एखाद्या मॉडेलच्या मथळ्याखाली तशीच ओळ आधीपासून असू शकते. ती झीरोला लागू होत नाही. सीएमडीलाइन फाइलमध्ये "रूटवेट" या शब्दानंतर एक जागा सोडून "मॉड्यूल्स-लोड=डीडब्ल्यूसी२,जी_ईथर" असे लिहावे. ही संपूर्ण फाइल एकाच ओळीत असते. मध्येच एंटरची कळ दाबली गेली तर बोर्ड सुरू न होण्याची शक्यता असते.

चौथी पायरी : यजमान आणि पत्ता

विंडोज कधीकधी या बोर्डाला नेटवर्क कार्ड न समजता "कॉम" पोर्ट समजते. तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर हाताने निवडून "रिमोट एनडीआयएस" हा पर्याय द्यावा. लिनक्सवर त्या जोडणीच्या आयपीव्ही४ विभागात "फक्त लिंक-लोकल" हा पर्याय निवडावा. दोन्ही बाजूंना १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते मिळाले की ही कडी जुळली. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून रास्पबेरी पायची नेटवर्क सांभाळण्याची व्यवस्था बदलली आहे. त्यामुळे जुन्या पुस्तकांतील सूचना जशाच्या तशा चालतीलच असे नाही. बोर्डाच्या बाजूला पत्ता स्वतः नेमून द्यावा लागू शकतो.

पाचवी पायरी : प्रवेश

येथे पडद्यावरचा संदेश नीट वाचावा. "यजमानाचे नाव सापडत नाही" असा संदेश आला तर नावाची किंवा पत्त्याची कडी तुटली आहे. "जोडणी नाकारली" असा आला तर जोडणी उत्तम आहे, फक्त एसएसएच सेवा बंद आहे. नोव्हेंबर २०१६ पासून ती मुळात बंदच ठेवलेली असते. बूट विभागात एसएसएच नावाची रिकामी फाइल ठेवल्यास ती सुरू होते. नोटपॅड त्या नावाला टीएक्सटी हे शेपूट जोडते, ते काढून टाकावे. "परवानगी नाही" असा संदेश आला तर फक्त नाव किंवा संकेतशब्द चुकला आहे. एप्रिल २०२२ पासून ठराविक नाव व संकेतशब्द देणे बंद झाले आहे. कार्ड लिहितानाच ते स्वतः ठरवावे लागतात.

विद्यार्थी मित्रांनो, अभ्यासिकेत बोर्डाशेजारी एक वही ठेवा. तारीख, लक्षण, काय बदलले आणि काय घडले, एवढे चार रकाने पुरेत. काही महिन्यांत ती वही कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी ठरेल, कारण तिच्यात तुमच्याच बोर्डाचा इतिहास असेल. साधन महाग असो वा स्वस्त, त्याचा दोष अंदाजाने ठरवू नये, तपासून ठरवावा. ही सवय ज्याला लागली, त्याच्या हाती लहानसा बोर्डही मोठी प्रयोगशाळा होतो.