मॅक्सचे राक्षस आणि आमचा देवचार

हायस्कुलातील विद्यार्थ्यांसाठी लिहावयाच्या लेखात चिमुकल्यांच्या चित्रपुस्तकाचा विचार करावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु तुमच्यापैकी अनेकांच्या घरी धाकटी भावंडे आहेत आणि त्यांना गप्प बसविण्याचे काम पुष्कळदा तुमच्याकडेच येते. ते आपण कसे करतो? 'बागुलबुवा येईल हं!' असे म्हणून. उपाय फार सोपा, फार जुना. आणि मीही तो केलेला आहे.

गेल्या पावसाळ्यात माझी सहा वर्षांची भाची आमच्या गावच्या घरी राहावयास आली होती. जेवताना ती फार वेळ लावी. एका रात्री कंटाळून मी तिला सांगितले, की लवकर जेवली नाहीस तर विहिरीपलीकडच्या फणसावरून देवचार येईल. वास्तविक गोव्यात पुष्कळ ठिकाणी देवचार हा गावाचा राखणदार मानला जातो. त्या बिचाऱ्याला मी उगाच बागुलबुवा केले. पोर मुकाट्याने जेवली खरी, पण तेव्हापासून अंधार पडल्यावर परसात पाऊल टाकीना. "थंय देवचार आसा, मामा," एवढेच म्हणे. तेथे काही नाही, असे मी शंभरदा सांगितले. परंतु ज्या तोंडाने 'आहे' म्हटले, त्याच तोंडाने 'नाही' म्हटल्यावर मुलाने विश्वास तरी कशावर ठेवावा?

याच सुमारास एका मित्राने मला मॉरिस सेंडाक या अमेरिकन चित्रकाराचे 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' हे पुस्तक आणून दिले. ते १९६३ साली प्रसिद्ध झाले आणि १९६४ साली त्याला चित्रपुस्तकांसाठी असलेले कॅल्डिकॉट पदक मिळाले. कथा अगदी लहान. मॅक्स नावाचा मुलगा लांडग्याचा वेष चढवून घरभर धुडगूस घालतो. आई रागावते, तो उलट उत्तर देतो, आणि उपाशीपोटी त्याची रवानगी खोलीत होते. त्या खोलीतच अरण्य उगवते, समुद्र येतो, आणि होडीत बसून मॅक्स अक्राळविक्राळ प्राण्यांच्या देशी जाऊन पोहोचतो. ते दात विचकतात, नखे दाखवितात. मॅक्स त्यांच्या पिवळ्या डोळ्यांकडे पापणी न लवविता पाहत राहतो. घाबरतात ते! त्याला ते राजा करतात. मग यथेच्छ दंगा होतो. पण पुढे मॅक्सला एकटे वाटू लागते, आणि राज्यपद टाकून तो घरी परततो. खोलीत जेवण मांडून ठेवलेले असते, आणि ते अजून ऊन असते.

या पुस्तकाची खरी करामत पाहावयाची असेल, तर शब्द बाजूला ठेवून केवळ चित्रांचा आकार पाहावा. पहिले चित्र लहान आहे, भोवती पांढरा समास रुंद. अरण्य वाढू लागते तसा समास आक्रसत जातो; चित्र सारे पान व्यापते, मग शेजारच्या पानावर सांडते. दंग्याच्या वेळी तर लागोपाठ तीन जोडपानांवर एकही अक्षर नाही. परतीच्या वाटेवर चित्रे पुन्हा आवरती होतात. शेवटच्या पानावर चित्रच नाही, केवळ जेवणाच्या ऊबेविषयी पाच शब्द. भीती कशी वाढते आणि कशी ओसरते, याचा हा नकाशाच नव्हे काय?

आणखी एक गोष्ट पहिल्या वाचनात माझ्या नजरेतून निसटली होती. आरंभी मॅक्स कुत्र्याच्या मागे धावतो, तेथे भिंतीवर एका राक्षसाचे चित्र टांगलेले आहे आणि त्याखाली मॅक्सची सही आहे. पुढे भेटणारे राक्षस त्याने आधीच स्वतःच्या हाताने काढून ठेवले होते! आणि सेंडाकने आपले राक्षस कोठून आणले? लहानपणी ब्रुकलिनमधील त्याच्या घरी येऊन गालगुच्चे घेणाऱ्या नातेवाइकांवरून, असे तो सांगत असे. आपल्याकडील पाहुणेमंडळींनी यावरून रागावू नये.

या पुस्तकावर टीकाही झाली. ब्रूनो बेटेलहाइम या प्रसिद्ध बालमानसशास्त्रज्ञांनी १९६९ साली, पुस्तक स्वतः न वाचताच, त्यावर आक्षेप घेतला. आईनेच मुलाला उपाशी ठेवून एकटे टाकावे, हे त्यांना घातक वाटले. न वाचता बोलणे गैर खरे, तथापि आक्षेप अगदीच पोकळ नाही. उपाशी झोपविण्याची शिक्षा मलाही रुचत नाही. पण शेवटचे ते ऊन जेवण आईशिवाय दुसऱ्या कोणी ठेवले असेल?

भाचीला मी हे पुस्तक कोंकणीत सांगितले. राक्षसांचे पान आले तेव्हा तिने त्यावर तळहात ठेवला, आणि मग बोटांच्या फटीतून पाहू लागली. दुसऱ्या दिवशी तेच पान तिने स्वतः उघडले. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावरचा कागद घेऊन तिने देवचार काढला. हातात काठी, फणसाएवढे पोट आणि नाकावर चष्मा. आमच्या घरात चष्मा मी एकटाच लावतो.

मी काही बोललो नाही. चित्र पडवीच्या भिंतीवर चिकटविले, कारण तिची तशी आज्ञा होती. त्या रात्री माझा हात धरून ती विहिरीपर्यंत आली. फणसापर्यंत अद्याप आम्ही गेलेलो नाही.