रजेचे दिवस वेगळ्या खात्यावर

आपल्या घरांत आता दुकानाबरोबर नोकरीही आली आहे. थोरला मुलगा गल्ल्यावर बसतो, धाकटा खामगाव किंवा मलकापूरच्या एमआयडीसीत जातो, मुलगी उर्दू शाळेत शिकवते. मार्च संपला की या नोकरदारांपुढे एक कागद येतो. सरकारी कचेरीत तो गोपनीय अहवालाचा, म्हणजे बोलण्यातल्या 'सीआर'चा भाग असतो. कारखान्यात त्याला 'अप्रेजल' म्हणतात. वर्षभरात काय काम केले ते स्वतःच्या हाताने लिहावयाचे. ज्याचे वर्ष सरळ गेले त्याला हे जड नाही. पण ज्याचे चार महिने ऑपरेशनमध्ये, क्षयाच्या औषधांत किंवा मणक्याच्या दुखण्यात गेले, तो पेन धरून नुसता बसून राहतो. मग तो अब्बांना किंवा चाचांना विचारतो. म्हणूनच हा विषय आम्ही व्यापार पानावर घेतला आहे, कारण याचे उत्तर दुकानाच्या वहीत आहे.

असा माणूस सहसा दोनपैकी एक चूक करतो. एक तर तो माफीनामा लिहितो : 'दीर्घ आजारपणामुळे अपेक्षित काम होऊ शकले नाही, क्षमा असावी.' म्हणजे साहेबाने कमी शेरा द्यावा याचे कारण त्यानेच लिहून दिले. नाही तर रजेच्या काळात सहकाऱ्यांनी उरकलेले कामही तो आपल्या नावावर मांडतो. हे हजेरीपटावरून दोन मिनिटांत उघडे पडते. मग जे काम खरोखर केले, त्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

दुकान चार महिने बंद राहिले तर आपण रोजची विक्री कशी काढतो? आठ महिन्यांची विक्री बारांनी भागत नाही, आठांनीच भागतो. इथेही तेच करावयाचे आहे. समजा, एका कारखान्यातील स्टोअरकीपर १२ जून ते ९ ऑक्टोबर असे १२० दिवस मंजूर वैद्यकीय रजेवर होता. आदल्या वर्षी बारा महिन्यांत त्याने ३,६०० नोंदी केल्या, म्हणजे महिन्याला ३००. यंदा कामाच्या आठ महिन्यांत झाल्या २,३२०. साहेबाच्या नजरेला काम एकतृतीयांशाहून जास्त घटलेले दिसते. महिन्याचा हिशेब काढला तर सरासरी २९० येते. फरक फक्त दहाचा. तोही कुठून आला ते त्याने सांगावे : परतल्यावर पहिल्या महिन्यात २२० नोंदी झाल्या, बाकी सातही महिने ३०० च्या ३००. तो सुस्त महिना लपवू नये. आजारातून उठलेला माणूस पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगाने काम करील, असे कोणी समंजस मालक मानत नाही. उलट हा महिना वेगळा दाखवला, तर पुढची चाल पूर्ववत झाली हे आपोआप दिसते.

हंगामाचेही ध्यानात घ्यावे. कापसाच्या जिनिंगमध्ये दिवाळीनंतरचा महिना आणि ऐन उन्हाळ्याचा महिना एका मापाने मोजता येत नाही. तिथे सरासरी फसवी ठरते. ज्या महिन्यांत हजर होतो त्यांची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करावी. शिक्षिकेनेही रजेपूर्वी किती धडे झाले, परतल्यावर किती झाले आणि मधल्या काळात वर्ग कोणी सांभाळला हे लिहावे. सांभाळणाऱ्याचे नाव जरूर घ्यावे. त्यात कमीपणा नाही, आणि तेवढे काम आपल्या हिशेबात धरलेले नाही हेही कळते.

आजाराचे नाव लिहावे काय? आमच्या मते नाही. डॉक्टरांचा दाखला रजेच्या फाइलमध्ये असतो. त्याची जागा तीच. या कागदावर एवढे पुरे : 'दि. १२ जून ते ९ ऑक्टोबर मंजूर वैद्यकीय रजेवर. खालील तपशील हजर काळातील कामाचा आहे.' हे पहिल्याच ओळीत, एकदाच. पुढे प्रत्येक परिच्छेदात दुखणे आणू नये.

कायद्याची बाजू थोडक्यात. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे वैद्यकीय रजेवरून परतताना तंदुरुस्तीचा दाखला द्यावा लागतो. त्याची प्रत घरी ठेवावी. सरकारी अहवालात शेरा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने किमान तीन महिने काम पाहिलेले असावे लागते. मध्येच साहेब बदलला असेल, तर कोणाच्या हाताखाली किती दिवस काम केले ते टिपून ठेवावे. ईएसआयची वर्गणी कापली जाते त्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळतो. तो लाभ घेत असताना मालकाने कामगाराला काढू नये वा शिक्षा करू नये, असे १९४८ च्या कायद्याचे ७३ वे कलम सांगत असे. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामील झाला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. आजाराने कायमचे अपंगत्व आले, तर सरकारी नोकराला त्या कारणाने काढता किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे २० वे कलम तसे आहे.

हाच हिशेब दुकानदारालाही कधी ना कधी मांडावा लागतो, हे विसरू नये. चांदीचा कारागीर हात मोडून तीन महिने बसला किंवा किराणावाल्याची बायपास झाली, की बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यावरची उलाढाल खाली येते. नूतनीकरणाच्या वेळी मॅनेजर विचारतो, धंदा घटला काय? बंद काळाच्या तारखा, दवाखान्याची कागदपत्रे आणि उघडल्यानंतरची महिनावार विक्री एका पानावर लिहून न्यावी. बहुतेक जण तोंडी सांगतात. मॅनेजरची बदली झाली की ते सांगणे वाया जाते.

आणि आपल्याच दुकानात चार महिन्यांनी परतलेला नोकर असेल तर? त्याचा पगार वाढवताना तुम्ही कितीने भागता, हे एकदा आपल्या वहीत पाहावे.

पुढची गोष्ट शेरा हाती आल्यावरची. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवले, की सरकारी नोकराला गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा कळवला पाहिजे, फक्त वाईट नव्हे. त्या अर्जदाराचा शेरा 'चांगला' होता. पण बढतीला 'अतिशय चांगला' हवा होता, आणि त्याला काहीच कळवले गेले नव्हते. तेव्हा शेरा कमी आला तर मुदतीत लेखी अर्ज करावा, भांडायला जाऊ नये. अर्जाला तोच महिनावार तक्ता जोडावा, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नये.